आक्काची अमावस्या

अमावस्येला आमच्या बावडा गावात कोणी चांगलं काम काढत नाही. माझी थोरली जाऊ शेवंताआक्का मात्र नेमकी त्याच दिवशी नटायची. सकाळी न्हाऊन लग्नातलं लुगडं नेसायची, नाकात नथ अडकवायची, लेकीची, मंगलची, वेणी घालायची आणि तिचं बोट धरून निघायची. कुठं? तर गेनबा देवऋष्याच्या दारात. तिथं माणसं लिंबू-नारळ, कोंबड्या घेऊन बसलेली असायची. त्यांच्या पुढ्यातच आक्का फतकल मारायची आणि मंगलच्या पोटरीवरचा डाग दाखवून म्हणायची, "बघून घ्या. ह्याच्याच हातचं काम हाय. पोर आजून बोलत न्हाय. बसा आता खुशाल."

मंगल तिची एकुलती एक. पाच वर्षांची झाली तरी बोलेना, हाकेला वळेना, कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. दिवसभर ओसरीवर चिंचोक्यांच्या ओळी लावायची. ओळ कोणी मोडली, की भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. "बाहेरचं हाय," असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आक्का उसात खुरपायला गेलेली बघून त्यांनी मंगलला गेनबाकडं नेलं. त्यानं विळा तापवला आणि पोरीची पोटरी डागली. संध्याकाळी आक्का घरी आली तेव्हा मंगल चिंचोक्यांपुढंच बसलेली होती. सासूबाई म्हणाल्या, "रडलीबी न्हाय बघ. तिला काय कळतंय?"

जखम चिघळली तशी आम्ही दोघी तिला घेऊन एसटीनं बारामतीला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली, मंगलला बराच वेळ न्याहाळलं आणि 'ऑटिझम' असा शब्द सांगितला. भूत नाही, बाधा नाही, मूल जन्मतःच असं असतं. रोज सगळं त्याच क्रमानं करा, काहीही करायच्या आधी तिला सांगा, हळूहळू शिकेल, म्हणाल्या. परतीच्या गाडीत आक्का म्हणाली, "म्हंजी आंगातनं काडायचं काय नव्हतंच. मग डागली कशापायी? सोडायची न्हाय मी त्याला."

पहिला नंबर सासूबाईंचा लागला. "मंगलला दोन्ही वक्ताला तुमीच भरवायचं," आक्कानं फर्मावलं. मंगल कुठली त्यांच्या हाताला तोंड लावते! म्हातारी दहीभाताची वाटी घेऊन बसायची, पोर मान फिरवायची, आणि आक्का चुलीपुढून नुसती बघत राहायची. मग स्वतः भरवायची, पण आधी म्हातारीला बसावंच लागे. वर्ष उलटलं तेव्हा कुठं मंगलनं त्यांच्या हातचा घास घेतला. म्हातारी ढसाढसा रडायला लागली. आक्का म्हणाली, "रडायचं मागनं. भरवा आता."

एवढी जहाल बाई मंगलपुढं मात्र अगदी वेगळी. डोक्यावर पाणी ओतायच्या आधी "आता पानी आलं हं, आता पानी आलं," असं गाण्यासारखं म्हणायची. "तिला कळतंय. तुमालाच कळत न्हाय," हे तिचं पालुपद. मंगल वाढत गेली तरी तिचे फ्रॉक आखूडच. बायका टोकायच्या, "आगं, पोरीचं पाय झाक." आक्का म्हणायची, "ज्यानं डागली त्यानं आदी तोंड झाकावं."

गेनबाकडची गर्दी ओसरायला लागली. त्यानं शिव्या घालून बघितल्या. मग एका पहाटे आमच्या दारात उतारा ठेवला. नारळ, लिंबू, गुलाल आणि पाय बांधलेला कोंबडा. आमची सगळ्यांची गाळण उडाली. आक्कानं नारळ फोडून वाटण केलं, कोंबड्याचा रस्सा केला आणि वर लिंबू पिळून खाल्ला. शेवटी एक अमावस्या अशी आली, की गेनबाच्या दारात या मायलेकींखेरीज कोणीच नव्हतं. त्याच आठवड्यात आक्कानं मंगलला पायघोळ परकर शिवला.

पुढं गेनबाला अर्धांगवायू झाला. लेकाच्या आधारानं तो आमच्या ओसरीपाशी आला आणि खाली बसला. आयुष्यभर दुसऱ्यांना भीती घातली, आता स्वतःच भ्यालेला.

"शेवंते, तुझा तळतळाट लागला बघ. माफ कर, म्हंजी सुखानं मरंन."

"मला कुठं डागलंस तू?" आक्का म्हणाली. "जिला डागली तिच्याकडं माग. तिनं केलं माफ, तर मीबी करीन."

"आगं, तिला काय कळतंय?"

मंगल नेहमीसारखी ओसरीवर चिंचोके मांडत होती. त्याच्या आवाजानं तिचा हात थांबला. ओळ अर्धीच सोडून तिनं परकर खाली ओढला, पार बोटांपर्यंत, त्याचा काठ पायांखाली दाबला आणि दोन्ही हातांनी पोटरी धरून बसली.

गेनबाचा लेक खाली बघायला लागला.

"कळलं?" आक्का म्हणाली. "ऊठ आता."

महिन्याभरात गेनबा गेला. सारं गाव मातीला गेलं, आक्का गेली नाही. त्या दुपारी ती भाकरी थापत होती. मी भीत भीत विचारलं, "आक्का, मंगल त्या दिवशी नुसती बसून राह्यली असती, तर केलं असतं का हो तुमी माफ?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"न्हाय. त्याला रोज यायला लावलं असतं."