जीवराम ड्रायव्हरची आमरी

जीवराम तायडेंना एखादा प्रश्न पडला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. यावल डेपोत त्यांनी बावीस वर्षं एसटी चालवली, आणि एसटीइतक्याच चौकशाही चालवल्या. रस्त्याकडेला कुणी विहीर खणत असला तरी गाडी हळू करून विचारायचे, "किती हातावर ओल लागली रे?" प्रवासी वैतागायचे. कंडक्टर उगाच दोनदा घंटी द्यायचा.

१९८८ च्या जूनमध्ये वादळ झालं. पालच्या रस्त्यावर मोहाचं जुनं झाड आडवं पडलं. प्रवासी उतरून फांद्या ओढू लागले. जीवराम मात्र एका फांदीशी उकिडवे बसले. सालीला बोटभर जाडीच्या हिरव्या कांड्यांचा झुपका चिकटला होता. माती नाही, मुळं उघड्यावर, तरी कांड्या टचटचीत.

"आमरी आहे ती, ऑर्किड," फॉरेस्टचा गार्ड म्हणाला. "फूल येतं म्हणतात. मी काही पाहिलं नाही."

"म्हणजे कसं फूल?"

"नाही पाहिलं म्हटलं ना! घेऊन जा. नाहीतर चुलीत जाईल."

झालं. ते फूल कसं असेल, हे एकच जीवरामांच्या डोक्यात बसलं.

"एवढ्या वर्षांत मले एक गजरा नाही आनला," घरी बायको कमलबाई म्हणाल्या, "आन आज बांडगूळ आनलं."

सगळा मुलूख केळीचा. झाड लावायचं म्हणजे काय, हे तिथं शिकवावं लागत नाही. जीवरामांनी कुंडीत काळी माती भरली, शेणखत घातलं, झुपका गळ्यापर्यंत गाडला आणि वरून तांब्याभर पाणी दिलं. आषाढ बरा गेला. भाद्रपदात कांड्यांना सुरकुत्या पडल्या, म्हाताऱ्या बोटांना पडतात तशा. सुरकुती म्हणजे तहान. त्यांनी संध्याकाळचा दुसरा तांब्या सुरू केला. सुरकुत्या वाढल्या, तसं पाणी वाढलं. पानं पिवळी होऊन गळाली. चिखलात उभं राहून झाड तहानेनं कसं मरतं, हे कोडं गिअर बदलतानाही त्यांना सोडेना. एकदा तर साकळीचा थांबा चुकला.

त्याच साकळीहून दिवाळीला कमलबाईंची थोरली बहीण आली. धुरपदाबाई. चाळीस वर्षं त्या केळीचं बेणं तासत आल्या होत्या. लावणीआधी कंदाची जुनी मुळं आणि कुजका भाग विळ्यानं उतरवायचा, कंद काही दिवस सावलीत ठेवायचा आणि मगच लावायचा, हे त्यांचं काम. कुंडीपाशी त्या थबकल्या.

"काह्याले बुडोऊ राह्यले तेले?"

"सुकू राह्यलं ना, अक्का. सुरकुत्या पाहा."

"सुकलं नाही. सडलं."

त्यांनी झुपका उपटला. आंबूस वास सुटला. मुळं काळी पडली होती. चिमटीत धरली की साल सुटून हातात येई.

"तोंडच सडलं त पानी पिईन कोन?"

जीवराम ओरडले, "म्हणजे रेडिएटर भरलेला अन् पंपच गेलेला!"

"तुमचा पंप तुमच्यापाशी. विळा आना."

अक्कांनी काळी मुळं तासून काढली. दोनच पांढरी, टणक मुळं उरली. सगळ्यात जुनी कांडी बोडकी होती आणि पार सुरकुतून गेली होती. ती कापायला जीवराम वाकले, तर अक्कांनी मनगट धरलं.

"घड उतरवला म्हनून केळीचं खोड लगेच काढतात का? बुडाच्या पिलाले रस त्याच्यातूनच जातो. राहू द्या."

झुपका चार दिवस कोरडाच सावलीत पडला. मग अक्कांनी तो आंब्याच्या फांदीच्या तुकड्यावर जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधला आणि मोरीच्या भिंतीवर टांगला. तिथं ऊन कोवळं येई, हवा ओलसर राही.

"मुळं वाळले की शिंतोडे मारा," त्यांनी बजावलं. "सुरकुत्या पाहून पानी देऊ नका."

हे फार अवघड होतं. सुरकुती दिसे आणि हात तांब्याकडे जाई. हिवाळाभर काही घडलं नाही. चैत्रात एका मुळाला तांदळाएवढं हिरवं टोक फुटलं. जीवराम ड्युटीवर जाण्याआधी रोज ते काडेपेटीच्या काडीनं मोजू लागले. पावसाळ्यात नवा कोंभ आला, मधल्या कांड्या भरल्या. जुनी तेवढी भरली नाही. ती तशीच, सुरकुतलेली.

१९९० चा मार्च उजाडला. त्या बोडक्या कांडीलाच पेरापेरावर बारीक कळ्या दिसल्या. जीवरामांनी रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, "घरगुती." साकळीला कंडक्टरकरवी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी पहाटे कमलबाईंनीच हलवलं.

"उठा. आलं तुमचं फूल."

पांढरं होतं. पाकळ्यांच्या टोकांना जांभळी झाक, घशात हळदीचा ठिपका. जीवराम वाकून पाहत राहिले. चहा निवून गेला.

पहिल्या गाडीनं अक्का आल्या. "एवढुसं?" म्हणाल्या. मग त्याही वाकल्या.

"अक्का," जीवराम हळूच म्हणाले, "या घशात माशी कोनती शिरत असीन?"

"घ्या!" कमलबाईंनी कपाळावर हात मारला. "आता आनखी दोन वर्स."

जीवरामांनी पाट ओढला आणि फुलासमोर मांडी घातली. ऊन भिंतीवर चढत होतं. एक मुंगी आली, टोकाशी घुटमळून परत गेली.

"मुंगी नसीन," अक्का म्हणाल्या. "सरका उलसे, मलेबी पाहू द्या."