रहमाची सोडचिठ्ठी

आमची फोर्टुनामावशी इस्राएलमधल्या बेरशेव्याच्या बायकांच्या स्नानघरात कामाला होती. लग्न झालेल्या ज्यू बायका पाळी संपल्यावर धर्माप्रमाणे तिथे बुडी मारायच्या आणि मगच नवऱ्याजवळ जायच्या. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे मावशीला न विचारता कळायचं, पण ती कधी ब्र काढत नसे. नेहमी येणारी रहमा यायची थांबली, तेव्हा मात्र मावशी स्वतःहून तिच्या घरी गेली.

रहमाचा नवरा प्रॉस्पेर अश्कलोनला दुसरीबरोबर संसार थाटून बसला होता. रहमाला मूलबाळ नव्हतं. आमच्यात सोडचिठ्ठी नवऱ्यानेच हातात द्यावी लागते; धर्मन्यायालयाने त्याला ती द्यायला सांगितलं, तर तो म्हणाला, "नाही देत. मरेपर्यंत ती माझीच बायको." त्याला त्या बाईपासून मुलं झाली, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. रहमाला दुसऱ्यापासून मूल झालं असतं, तर त्या लेकरावर जन्मभराचा कलंक लागला असता.

मावशीने कंबर कसली. न्यायाधीश राबींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, खेटे घातले. दर शनिवारी चारपाच बायका घेऊन ती प्रॉस्पेर प्रार्थनेला जायचा त्या सिनेगॉगच्या दाराशी जाऊन उभी राहायची. शनिवार धर्माने विश्रांतीचा, गाडीत बसायचं नाही, म्हणून शुक्रवारीच अश्कलोनला नणंदेकडे मुक्काम. शेवटी तिथल्या कारभाऱ्याने त्याला तोरा हा धर्मग्रंथ वाचायचा मान देणं बंद केलं. प्रॉस्पेरने सिनेगॉग बदललं.

त्याच सुमारास अमराम रहमाकडे यायला लागला. शाळेची बस चालवायचा, बायको वारलेली, माणूस सरळ. तिच्या खिडकीची मोडलेली झडप दुरुस्त करायचा, चहा घ्यायचा, निघून जायचा. मावशीने त्याला जिन्यातच गाठलं.

"अमराम, इथे येऊ नकोस."

"मी काय वाईट केलं, बाई?"

"वाईट काही नाही. पण प्रॉस्पेरला कळलं तर तो कोर्टात बोंब मारेल, बायकोचं लफडं आहे म्हणून. मग सोडचिठ्ठी मिळूनही तुला तिच्याशी लग्न करता येणार नाही. जरा दम धर."

त्याने दम धरला. वर्षांमागून वर्षं गेली. मग त्याने दिमोनाच्या एका विधवेशी लग्न केलं. मावशीला सांगायला आला, तेव्हा मान खाली घालून उभा होता.

प्रॉस्पेरची आई मसूदा आमच्याच वस्तीत राहायची. मावशी तिच्या दारावरून मान वळवून जायची. "ती लेकाचीच बाजू घेणार," असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पडून म्हातारीच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा शेजारधर्म म्हणून मावशी सूप घेऊन गेली. दोघी पावटे सोलत बसल्या.

"रहमाला पोरं किती आता?" म्हातारीने विचारलं.

"कुठून होणार? तुमचा लेक सोडत नाही तिला."

"तो तर म्हणतो, सोडचिठ्ठी केव्हाच दिली."

मावशीच्या हातातला पावटा हातातच राहिला. मग तिने सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या दारावरून जात होतीस. एकदा आत का नाही आलीस, बये?"

पुढच्याच आठवड्यात प्रॉस्पेर आईला भेटायला आला. मावशी तिथेच होती. म्हातारी त्याला म्हणाली, "तिला मोकळी कर. नाहीतर मी मेल्यावर कबरीशी लेकाने म्हणायची कद्दीश म्हणायला येऊ नकोस. तुझी प्रार्थना मला नको."

"आई, असं काय बोलतेस?"

"बोलले ते बोलले. जा आता."

महिन्याच्या आत तो कोर्टात हजर झाला. रहमाने ओंजळ पुढे केली, त्याने वरून सोडचिठ्ठीचा कागद टाकला. तो काखेत धरून ती रीतीप्रमाणे चार पावलं चालली. राबी म्हणाले, "आता तू कुणाशीही लग्न करायला मोकळी आहेस."

"कुणाशी?" रहमाने विचारलं. तिचे केस पांढरे झाले होते. राबींना वाटलं तिला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटलं.

त्यानंतरही मावशी अशा बायकांसाठी धावत राहिली. काही सुटल्या, काही अजून अडकलेल्याच आहेत. नवी कुणी आली की ती आधी नवऱ्याच्या आईचं घर विचारते.

रहमा दर शुक्रवारी मावशीसाठी कुसकुस रांधून घेऊन येते, पाय चेपून देते, मावशीनेच अमरामला अडवलं हे ठाऊक असूनही त्याचं नाव काढत नाही. परवा ती गेल्यावर मावशी मला म्हणाली, "एकदा तरी भांडायला हवं होतं गं तिने माझ्याशी. ही माया मला झेपत नाही."