बेडशाचा फॉरवर्ड

काशिनाथ गेल्याचा निरोप त्याच्या भावाने बेडशाहून आणला, तेव्हा त्याला अग्नी देऊन दोन दिवस झाले होते. रेल्वेच्या शेडमध्ये कळवायला हवं, हे घरात कोणाला सुचलंच नव्हतं. ज्याचा खेळ बघायला अर्धा लोणावळा मैदानाच्या कडेला उभा राहायचा, त्याला पोचवायला गावातली पंधरा माणसं होती... महिना झाला, तरी हे मनातून जात नाही.

लोको शेडमध्ये तो इंजिनात कोळसा भरायचा. मी तिथेच कारकून आणि आमच्या फुटबॉल टीमचा कप्तान. तो अनवाणी खेळे. भाताच्या खाचरात वाढलेले पाय ते. चिखलात बूटवाले गोरे सोल्जर घसरत आणि हा त्यांच्यामधून चेंडू घेऊन निघून जाई. गोल झाल्यावर मात्र मान खाली घालून परत यायचा, काही चुकल्यासारखा. पाच वर्षं आमचे बहुतेक गोल त्याचेच.

पुण्याच्या अंतिम सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो. मध्यंतरात त्याने मला बाजूला घेतलं. डावा गुडघा टम्म सुजला होता. "भाऊ, पाय टेकवत न्हाई," तो म्हणाला. मी म्हटलं, "एवढा अर्धा तास काढ, काशिनाथ." त्याने धोतर फाडून पट्टी बांधली आणि दोन गोल केले. दुसरा मारताना पडला, तो उठलाच नाही. आम्ही कप घेऊन नाचत होतो, तेव्हा त्याला उचलून नेत होते. पुन्हा तो खेळला नाही. लंगड्या पायाने इंजिनावर उभं राहवेना, म्हणून नोकरी सोडून गावी शेतावर गेला. वय सव्वीस.

क्षमा मागायला मला अठरा वर्षं लागली. गेल्या दिवाळीत गेलो, तर तो हसला. "तुमी सांगितलं म्हनून न्हाई खेळलो, भाऊ. मलाच खेळायचं व्हतं." हे खरं होतं, की माझी कीव केली त्याने... आता विचारायचं कोणाला?

परवा बेडशाला जाऊन काशिनाथच्या बायकोला, वहिनींना भेटून आलो. जमीन नुकतीच सारवलेली होती. उंबऱ्याच्या आत टाचेएवढा एक खळगा तेवढा कोरडा होता. मी तिकडे बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "सांजचं हितं बसायचे, पाय लांब करून. टाच टेकून टेकून पडलाय त्यो. समदं सारवते मी... तेवढा न्हाई बुजवत."

मी तिथे पाय न ठेवता आत गेलो.