अंगणातला तरवड

माझी शांता सात वर्षांची असताना विषमज्वरातून उठली. त्या तापात मी देवीला बोलले होते, "आई, पोर वाचव, घटाला नऊ दिवस माझ्या अंगणातल्या तरवडाची माळ घालीन." आमच्याकडे नवरात्रात घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ लागतेच, पण सगळे ती बांधावरून आणतात. तरवड अंगणात लावायची बुद्धी मला एकटीलाच सुचली. सासूबाई हसायच्या, "फुकट उगवतंय, त्येला आळं कामून करायलीस?"

बांधावरून उपटून आणलेली दोन रोपं मेली. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ घागरभर पाणी घातलं, तरी पानं गळाली. एक नवरात्र तसंच गेलं. नवस फिटला नाही तर देवी पोर परत मागेल, अशी भीती मनात घर करून बसली. शांताला मी उंबऱ्याबाहेर जाऊ देईना. ऊन नको, वारा नको, पोरींबरोबर पळणं नको. ती बिचारी खिडकीशी बसून राही.

उन्हाळ्यात एका दुपारी औरादकडची एक तेलुगू बाई कमलनगरच्या आमच्या दारात पाणी मागायला थांबली. पाणी प्याली, नव्याने लावलेल्या तिसऱ्या रोपाच्या आळ्यातला चिखल पाहिला आणि खदखदून हसली.

"अक्का, ही काय बाळंतीण हाय? रोज न्हाऊ घालायलीस! पाण्यानंच मारलीस की." पदराची गाठ सोडून तिने तरवडाच्या वाळक्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. "बी मुरमात टाक आन् सोडून दे. जिचं हाय ती बघंल." मग खिडकीकडे मान वळवली. "ह्या पोरीलाबी आळ्यात बसवलीस व्हय?"

मला रडूच फुटलं. ती गेल्यावर बी भिंतीकडेच्या मुरमात टाकलं आणि दार उघडलं. शांता अशी धावली की चप्पलही घातली नाही. घागर उचलायला हात शिवशिवायचे, पोरीला हाक मारायला जीभ वळवळायची. दोन्ही मोठ्या कष्टाने आवरलं.

पुढच्या वर्षी घट बसला त्या सकाळी शांता आत आली. उन्हाने रापलेली, गुडघे खरचटलेले, ओटीत भिंतीकडेच्या तरवडाची पिवळी फुलं. "आई, माळ कर. अजून लई हायत." नऊ दिवस फुलं पुरली.

ती बाई पुन्हा दिसली नाही. कोण होती ते मी शोधलंही नाही. पोर देवीच्या पदरात घातली म्हणत मीच तिला मुठीत धरून बसले होते, एवढं मात्र तिने दाखवलं. सासूबाई आता शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगतात, "माळंला बांधावर जाऊ नगा, आमच्यात या."