भिंतीत लोकर भरू नका

दारावर मराठी आडनाव दिसलं की ज्ञानोबा हटकून हिंदीत बोलायचा. नोएडा असो की गाझियाबाद, पाटीवर 'सुर्वे' किंवा 'गोखले' वाचलं की याचं सुरू, 'नमस्ते जी, दीवार दिखाइए.' गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये त्याचं नाव 'ज्ञान भाई जिप्समवाले' असं होतं आणि ते त्याच्या पथ्यावरच पडलं होतं. आता परमुलखात आपलं माणूस भेटलं तर कुणी तोंड लपवतं का? हा बाबा लपवायचा. कारण हा लातूरकडचा आहे हे एकदा कळलं की पुढचे प्रश्न ठरलेले. तालुका कुठला? दिल्लीत कसा आलास? यूपीएससीला? किती अटेम्प्ट? आणि 'चार' म्हटलं की समोरून ते 'अरेरे!' त्या 'अरेरे'ची त्याला मनस्वी चीड होती.

हा धंदा तो कुठल्या शाळेत शिकला नाही. जुन्या राजेंद्रनगरात तो ज्या खोलीत राहायचा, ती म्हणजे मालकानं एका खोलीत जिप्समचे बोर्ड उभे करून पाडलेल्या चार खुराड्यांपैकी एक. कूलरच्या पाण्यानं एक बोर्ड भिजून फुगला, तेव्हा हरिदास मिस्त्री दुरुस्तीला आला. ज्ञानोबा पुस्तक मिटून बघत बसला. पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, त्यांना दोन्ही बाजूंनी बोर्ड, मध्ये नुसती हवा! एवढीशी भिंत मधे घालून आपण चौघं इतकी वर्षं एकमेकांना परके, याचं त्याला हसू आलं. पुढे परीक्षा संपली, गावी जायचं धाडस झालं नाही, आणि तो हरिदासच्या हाताखाली राहिला. त्याला आता नऊ वर्षं झाली. गावात वडील सांगतात, 'दिल्लीत भिंतींचं काहीतरी करतोय.' त्यात खोटं काही नाही.

दिल्लीतल्या मराठी माणसांची एक गंमत आहे. खासगी बोलायचं असेल तर ती खोलीबाहेर जात नाहीत, मराठीत बोलतात. ड्रायव्हरपुढे, सुतारापुढे, अगदी बिनधास्त. त्यामुळे ज्ञानोबाला कितीतरी घरांतल्या जावांची भांडणं पाठ झाली होती. 'याच्यावर लक्ष ठेव गं' आणि 'चहा कागदी कपात दे' हे तर नेहमीचंच. तो मुकाट्यानं चहा प्यायचा आणि कामाला लागायचा.

चौबळांकडचं काम त्याला असंच आलं. शशिकांत चौबळ केंद्र सरकारात, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. नोएडातल्या फ्लॅटच्या हॉलमधून त्यांनी जिप्समचं पार्टिशन घालून लेकीसाठी, अक्षयासाठी, अभ्यासाची खोली काढली होती, आणि त्या पार्टिशनला आता भोक पडलं होतं. माणूस भारी चिकित्सक! ज्ञानोबाच्या आधी दोघांना त्यांनी परत पाठवलं होतं. एक म्हणाला, वरून पुट्टी थापतो, दिसणार नाही. दुसरा म्हणाला, अख्खी भिंत पाडू. चौबळांनी तोवर इंटरनेटवर इतकं पाहिलं होतं, की येताजाता कलिंगड वाजवावं तशी बोटांनी भिंत वाजवत फिरायचे आणि सांगायचे, 'इथे पोकळ. इथे पट्टी.'

"कितने कोट लगाओगे?" त्यांनी विचारलं.

ज्ञानोबानं सांगितलं, पुट्टी थापली तर महिन्याभरात तडा जाईल. भोकाभोवतीचा बोर्ड चौकोनी कापायचा, मागे आधाराची पट्टी द्यायची, नवा तुकडा बसवायचा, सांध्यांवर टेप, आणि वर कंपाउंडचे, म्हणजे सांधे बुजवायच्या लेपाचे, तीन हात. प्रत्येक हात वाळला पाहिजे, म्हणून दोन दिवस. उत्तर व्हिडिओशी तंतोतंत जुळलं आणि चौबळ खूश झाले.

"कुर्सी लग गई थी," ते भोकाकडे बोट दाखवून म्हणाले.

खुर्ची कमरेएवढी, भोक खांद्याच्या उंचीवर. कडेला चार बोटांच्या खुणा. ज्ञानोबा म्हणाला, "होता है जी," आणि त्यानं करवत काढली.

अक्षया क्लासला गेली होती. दारात तिची आई, हेमलताबाई, उभ्या होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "खुर्ची म्हणे! मुठीनं फोडलीय पोरीनं."

"हळू बोल."

"इथे कुणाला कळतंय मराठी! निकाल लागल्यापासून आत बसून रडते ती. हॉलमध्ये मला सगळं ऐकू येतं. माझ्याच्यानं पोळी लाटवत नाही हो."

"यूपीएससीचा शेवटचा अटेम्प्ट उरलाय. आपला टीव्ही, तुझा कुकर, यानं लक्ष लागत नाही तिचं," चौबळ म्हणाले आणि ज्ञानोबाकडे वळले. "भैया, पूरी दीवार में रॉकवूल भर दो. इधर की आवाज़ उधर नहीं, उधर की इधर नहीं."

काम सोपं होतं. बोर्ड उघडायचे, मधल्या पोकळीत ती दगडी लोकर ठासायची, पुन्हा बंद करायचे. शिवाय चार दिवसांचं जादा काम. ज्ञानोबानं टेप काढून भिंत मोजायलाही घेतली. पण हात थांबला.

चौथ्या निकालानंतर तो असाच दोन दिवस आतून कडी लावून पडला होता. जेवला नव्हता. जगायचं नाही असं त्यानं ठरवलंच होतं, लपवण्यात काय अर्थ? बोर्डापलीकडे परभणीचा नीरज राहायचा, दोघांचं कधी धड बोलणंही नव्हतं. ज्ञानोबाचं रडणं नीरजनं दोन दिवस ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते थांबलं, तसा तो घाबरला आणि भिंत वाजवून म्हणाला, "जेवलास का रे?" एवढंच. तेवढ्यानं ज्ञानोबानं कडी काढली. त्या भिंतीत लोकर असती तर?

"काका," ज्ञानोबा म्हणाला, "लोकर भरू नका."

हेमलताबाईंनी तोंडावर हात नेला. चौबळ चाचरत म्हणाले, "म्हणजे... तुम्ही मराठी?"

"लातूरजवळच्या औशाचा. मीपण परीक्षेलाच आलो होतो. चार अटेम्प्ट," ज्ञानोबानं सगळं एका दमात सांगून टाकलं. नीरजचंही सांगितलं. "तिचं रडू तुम्हाला ऐकू यायला पाहिजे, काका. आणि थांबलेलंही कळायला पाहिजे."

"अरेरे," चौबळ म्हणाले.

लागायचं ते लागलंच त्याला. पण ते 'अरेरे' म्हणताना चौबळ त्याच्याकडे बघत नव्हते, त्या भोकाकडे बघत होते. रॉकवूलचा विषय तिथेच संपला. त्या दिवशी चहा घरच्या कपात आला, सोबत चिवडा. हेमलताबाईंची मान काही वर होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानोबा हॉलकडच्या बाजूनं तिसरा हात देत होता. अक्षया आत होती, आणि आतून काहीच आवाज नव्हता. चौबळ सुट्टी घेऊन घरीच होते. दोनदा भिंतीपर्यंत आले, दोनदा सोफ्यावर जाऊन बसले. लेकीशी अभ्यासाखेरीज काय बोलायचं, हे या गृहस्थाला बहुधा ठाऊकच नव्हतं. तिसऱ्यांदा आले आणि त्यांनी बोटं उचलली.

"काका, तिथे नको, ओलं आहे," ज्ञानोबा हळूच म्हणाला. "जरा बाजूला वाजवा."

चौबळांनी बाजूला वाजवलं. "अक्षू, जेवलीस का गं?"

हेमलताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. ज्ञानोबाची थापी हातातच राहिली.

"नाही, बाबा," आतून आलं, आणि कडी निघाली.