ट्रंकेत राहिलेल्या गोळ्या

निपाणीला सोनोग्राफीला जायचं म्हणून ट्रंकेतनं फाईल काढतोय, तर खालनं गोळ्यांचं पाकीट निघालं. तोंडावरच्या पुटकुळ्यांच्या गोळ्या. मागं पोटुशी बाईचं चित्र, वर लाल फुली. लगीन ठरल्यावर नणंदेनं तिच्या सवताच्यातल्याच दिलत्या. चित्र तवा बघितलंच न्हाय. आता पाचवा महिना.

सासूला दाखवलं. "थोबाड गुळगुळीत करायला गेलीस व्हय गं?" म्हनली, पण चप्पल घालून माझ्याआधी रस्त्यावर.

डॉक्टरीणबाईंचं तोंड उतरलं. "ह्यात अ जीवनसत्त्वाचंच एक रूप असतं," त्या म्हनल्या. "आपल्या अंगातबी ते थोडं तयार होतं. पेशीत जाऊन जीन्सना सांगतं, तू चालू हो, तू बंद हो. बाळाचा हात कुठं फुटायचा, बोटं कशी व्हायची, त्यावर ठरतं. गोळीनं ते लई झालं की सांगणं चुकतं. तोंड, काळीज, हातपाय, कशातबी दोष राहतो. शेवटची गोळी कधी घेतलीस?"

मला काय आठवंना.

"मी सांगतो," सासू म्हनली. "लग्नानंतरचा पयला आषाढ. नव्या सुनेनं सासरी ऱ्हायचं न्हाय, म्हणून आदल्या दिवशीच बोरगावला माहेरी घालवलं. आईला काय सांगू म्हणून गोळ्या हितंच ठेवून गेली. श्रावणात आली ती तोंड साफ घिऊन, मग कशाला खातीय?"

"आल्यावर पाळी आलती?"

"आलती की!"

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागं टेकल्या. "बंद करून महिना तरी जायला लागतो. तुझा गेलाय. औषध उतरल्यावर दिवस राहिलेत."

मग पडद्यावर दाखवलं. हे हात, हे पाय, ही बोटं. एक मूठ उघडली न् मिटली. मी हुंदकेच द्यायला लागलो.

"आषाढात माहेरी धाडलं तवा मला किती शिव्या घातल्यास गं मनात?" बाहेर आल्यावर सासूनं इचारलं.

आता लेक मांडीवर माझं मंगळसूत्र ओढतोय, तरी एक ध्येनातनं जात न्हाय. त्या आषाढात नवरा गाडी घिऊन बोरगावात दारात आलता. "चल गं, आईला मी बघतो." औषध अजून माझ्या अंगातच, न् मी चप्पल घातलीती. सासूच्या धाकानं परत आत गेलो, रडत. नवी नवरी, दारात नवरा. तुमी असता तर बसला नसता गाडीवर?