सर्वांसाठी खुली मौखिक परीक्षा

माहितीपत्रकात आमचं विद्यापीठ एकच आहे. प्रत्यक्षात त्याची आवारं तीन. मुख्य आवार शहरात. तिथं झाडं, कुलगुरू आणि बरा चहा. दुसरं बारामतीत, औद्योगिक वसाहतीच्या अंगाला, काचेची नवीकोरी इमारत. उन्हाळ्यात आत माणूस भाजून निघतो. तिसरं इंदापुरात, भाड्यानं घेतलेल्या मजल्यांवर. आमच्या प्राणिशास्त्र विभागाची प्रयोगशाळा बारामतीला आणि पुस्तकं इंदापूरला. असं का, हे मी सुरुवातीला विचारायची, मग नाद सोडला. पुस्तक हवं असलं की एसटी धरायची आणि गळीत हंगाम असला तर उसाच्या ट्रॉलीमागं रखडत जायचं. शहरातले सहकारी फोनवर विचारायचे, "काय, अजून तिकडंच का?" जशी काही मला शिक्षा झालीय. भयंकर राग यायचा.

इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरची मुलगी माझ्याकडं पीएच.डी. करत होती. उजनीच्या पाण्यात चिलापी मासा माजल्यापासून बाकीच्या माशांचं काय झालं, हा तिचा विषय. भिगवणच्या मासळी बाजारात ती सकाळी सकाळी पाट्यांपुढं बसून मासे मापायची. व्यापारी तिला पदवीच्या आधीच 'डॉक्टरीणबाई' म्हणायला लागले होते.

तिचे वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या घराण्यात महिन्याचा पगार पहिल्यांदा त्यांनीच आणलेला. मुलीला बँकेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी वस्तीभर पेढे वाटले होते, आणि ही ती नोकरी सोडून माशांच्या मागं लागली. त्या दिवसापासून तात्या तिच्याशी बोलत नव्हते. म्हणजे बोलायचे, पण बायकोमार्फत. शेजारी जेवायला बसलेल्या लेकीसाठी बायकोला म्हणायचे, "तिला सांग, भाकरी घे म्हणावं." हे ती मला हसून सांगायची. एकदा मात्र प्रयोगशाळेत हसता हसता रडायलाच लागली. "मॅडम, पदवी मिळंल तवा मिळंल. तात्यांनी एकदा समोर बसून ऐकलं पायजे," म्हणाली.

म्हणून तिची मौखिक परीक्षा बारामतीतच घ्यायची, असा हट्ट मी धरला. मुख्य आवारातून उत्तर आलं, तिकडं ऐकायला कोण येणार? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय?

ही परीक्षा सर्वांसाठी खुली आहे, अशी सूचना नियमाप्रमाणं लावावी लागते. शहरात ती कुणी मनावर घेत नाही. चार संशोधक येतात, तेही बटाटेवड्यासाठी. मुलीच्या आईनं मात्र ती सूचना मोबाइलवरून वस्तीला वाचून दाखवली. सर्वांसाठी म्हणजे सर्वांसाठी. परीक्षेच्या दिवशी टेम्पो भरून माणसं आली. जयभीम घालत सगळी आत शिरली. हार, पेढे, फेटे, सगळं बरोबर. पाहुण्याचा सत्कार आधी आणि काम मागनं, ही इकडची रीत. बाहेरच्या विद्यापीठातले परीक्षक खुर्चीत टेकतायत तोवर त्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवातसुद्धा झाली.

ते गृहस्थ शिस्तीचे. "मॅडम, हे चालणार नाही. सत्कार घेऊन परीक्षा कशी घेऊ? मग शहरातच घेऊ आपण," असं ते कडक आवाजात म्हणाले. पण मुलीच्या आईनंच पुढं होऊन फेटा सोडवून घेतला. "ऱ्हाऊ द्या साहेब. तुमचं झाल्यावर बांधू." परीक्षक बसले.

तात्याही आले होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, वाटेल तेव्हा उठून जाता येईल असे.

मुलगी इंग्रजीत बोलली. परीक्षकांनी तिला चांगलंच पिळून काढलं, पण ती डगमगली नाही. त्यांचे प्रश्न संपले तेव्हा पदवीची काळजी मला उरली नव्हती. मग त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय?" इथं कुणी काही विचारत नसतं. मी कागद आवरायला घेतले.

तात्या उठले. "साहेब, मला ह्यातलं काय कळलं न्हाय. पर तेवढं हिला इचारा. बँकेत जा म्हणत हुतो, तवा माझं चुकलं का?"

मला वाटलं, आता परीक्षक चिडणार. त्यांनी चष्मा काढून पुसला. "प्रश्न उमेदवारालाच विचारायचा असतो. थेट. मध्ये कुणी नको."

तात्यांनी सवयीनं बायकोकडं बघितलं. ती पदर सावरत खाली बघत राहिली. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"मग तूच सांग," ते लेकीला म्हणाले. "माझं चुकलं का?"

तिनं हातातले कागद टेबलावर ठेवले. "व्हय तात्या," ती म्हणाली. "चुकलं."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला. "उत्तरानं आपलं समाधान झालं?"

"झालं," तात्या म्हणाले. मग बायकोकडं न बघता लेकीला म्हणाले, "पाणी पी आता. मघापासनं घसा कोरडा पडलाय तुझा."